गोष्टीवेल्हाळ मुलीचे पुढे काय होणार?

समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची एक चिंता अशी आहे की तिचे शब्द घरागणिक बदलतात, पण गाभा तोच राहतो. मूल लहानपणापासून गोष्टींचे वेडे आहे, हातात पुस्तक आले की त्याला हाक ऐकू येत नाही, अभ्यासाच्या वहीखाली गोष्टीचे पुस्तक सापडते आणि लग्नकार्यात ते एक कोपरा धरून बसते. 'पुढे काय करायचं ठरवलंयस?' असे विचारले की 'मला माणसांबरोबर काम करायचंय' असे मोघम उत्तर येते. आईवडिलांना याचा मेळ लागत नाही. जे मूल पाहुण्यांसमोर धड दोन वाक्ये बोलत नाही, ते माणसांबरोबर काम कसे करणार, आणि गोष्टी वाचून कोणाचे पोट भरले आहे, असे ते विचारतात. ही चिंता मी हसण्यावारी नेत नाही, कारण तिच्यात तथ्याचा अंश असतो. मात्र तिच्यात एक गैरसमजही असतो, आणि तो एका मुलीच्या निमित्ताने सांगता येईल. ती मुलगी आता सज्ञान आहे. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून मी हे लिहीत आहे.

कुटुंब नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातले होते. वडिलांचे कृषी सेवा केंद्र, आई अंगणवाडी सेविका, घरात आजी आणि एक धाकटा भाऊ. मुलगी अकरावी विज्ञान शाखेची परीक्षा देऊन आली होती आणि भौतिकशास्त्रात काठावर उत्तीर्ण झाली होती. वडील खुर्चीत टेकण्याआधीच बोलू लागले. "मॅडम, दहावीला नव्वदच्या वर होती. क्लासची दोन वर्षांची फी एकदम भरलीय. आणि ही रात्री दीड-दीड वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल धरून गोष्टी वाचते. मी पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलंय, पण मोबाईलला काय लावू?" मुलगी खाली मान घालून बसली होती. आई मधूनच तिच्याकडे पाहत होती; बोलत काहीच नव्हती.

अशा वेळी पालकांना लगेच निवाडा हवा असतो. वाचन चांगले की वाईट, शाखा बदलायची की नाही, कुलूप ठेवायचे की काढायचे, हे त्यांना पहिल्याच भेटीत ऐकायचे असते. मी मात्र आधी दोन प्रश्न वेगळे करते. हे मूल गोष्टीत रमते आहे की गोष्टीआड लपते आहे, हा पहिला प्रश्न. आणि त्याला गोष्टीत नेमके काय आवडते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. झोप, भूक, रडू येणे, मैत्रिणींशी बोलणे कमी होणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस आटणे, यांबद्दल सविस्तर विचारपूस करावी लागते. नैराश्यात असलेल्या मुलांचे लक्ष आवडत्या पुस्तकातही टिकत नाही, तीच पाने पुन्हा पुन्हा उलटली जातात. तसे असेल तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून आधी उपचारांकडे वळणे आवश्यक असते.

या मुलीच्या बाबतीत तसे नव्हते, पण सगळे आलबेलही नव्हते. एकटीशी बोलताना तिने सांगितले, "क्लासमधून आलं की डोकं गच्च झालेलं असतं. पुस्तक उघडलं की तेवढा वेळ मला कुणी काही विचारत नाही." हे लपणेच होते, आणि ते अकरावीत गेल्यावर सुरू झालेले होते. रात्रीचे जागरण, दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगणे, त्यामुळे न समजलेले धडे आणि त्यांच्या भीतीने पुन्हा रात्रीचे वाचन, असे चक्र बनले होते. म्हणून पहिले काम झोपेचे झाले. मोबाईल रात्री आईच्या खोलीत ठेवायचा, त्या बदल्यात वडिलांनी कपाटाचे कुलूप काढायचे आणि संध्याकाळी ठरलेला एक तास तिने उघडपणे वाचायचे, असे आम्ही चौघांनी मिळून ठरवले. वडिलांना हा सौदा फारसा पटला नव्हता, पण त्यांनी तो पाळला. चोरून वाचण्याची गरज संपल्यावर रात्रीचे वाचन काही आठवड्यांत बरेच कमी झाले.

गोष्टींची मूळ ओढ मात्र त्याआधीची, फार जुनी होती. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या बालविभागातली कपाटे तिने चौथीपर्यंत वाचून संपवली होती. बालभारतीचे 'किशोर' शाळेत यायचे आणि चुलत्यांनी बांधून ठेवलेले 'चांदोबा'चे जुने अंक घरी होते. या सगळ्याच्याही आधी आजी होती. उन्हाळ्यात वीज गेली की ओट्यावर बसून आजी गोष्ट सांगायची, आणि ती गोष्ट कधीही सरळ शेवटाला जात नसे, कारण नात मधेमधे प्रश्न विचारायची.

दुसऱ्या भेटीत मी तिला म्हटले, सगळ्यात जास्त वेळा वाचावीशी वाटलेली एक गोष्ट मला सांग. तिने वेताळाची मंदारवतीची गोष्ट निवडली. एका रूपवान मुलीला तीन तरुण मागणी घालतात, आणि लग्न ठरण्याआधीच ती तापाने मरते. एक तरुण तिच्या चितेच्या राखेवर झोपू लागतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी फिरून संजीवनी मंत्र मिळवतो आणि तिला जिवंत करतो. ती कोणाची पत्नी, असा वेताळाचा प्रश्न. राजाचे उत्तर असे की, जीव देणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान, आणि राखेला कवटाळून राहिलेला तोच पती. गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलला, मान वर आली. संपवल्यावर ती थोडी थांबली आणि म्हणाली, "राजाचं उत्तर बरोबर असेल. पण मॅडम, तिला कुणी विचारलंच नाही. ती तर जिवंत होऊन तिथेच उभी असणार ना? राखेत झोपणाऱ्या माणसाची तिला भीतीसुद्धा वाटली असेल." हे तिने लहानपणी आजीलाही विचारले होते. त्यावर आजीने 'मग तूच सांग, ती काय म्हणाली असेल' असे म्हणून प्रश्न तिच्याकडेच परतवला होता, आणि त्यानंतर कितीतरी रात्री ती मंदारवतीच्या तोंडी वेगवेगळी उत्तरे घालत राहिली होती.

गोष्टी सगळ्याच मुलांना आवडतात, पण एकाच गोष्टीत मुले वेगवेगळ्या ठिकाणी अडकतात. काहींना 'पुढे काय झाले' याची घाई असते. काहींना राज्य, नकाशे, शस्त्रे, जादूचे नियम यांची मांडणी मोहवते. काही मुले शब्दांवर लुब्ध होतात आणि एखादे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहतात. आणि काही मुले माणसापाशी थांबतात. तो असा का वागला, तिला त्या वेळी काय वाटले असेल, ज्याला गोष्टीत बोलायला मिळाले नाही त्याचे काय, हे प्रश्न त्यांना सोडत नाहीत. या चारही आवडी चांगल्या आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि माणसांशी संबंधित व्यवसायांकडे जाणारी वाट बहुधा शेवटच्या प्रकारातून निघते. 'वाचनाची आवड आहे' एवढेच ऐकून मुलाला मानसशास्त्राकडे पाठवणारे सल्लागार मला म्हणूनच अपुरे वाटतात.

याची दुसरी खूण मला वडिलांनीच दिली, तीही तक्रार म्हणून. मुलगी सुट्टीच्या दिवशी दुकानात बसायची. "गिऱ्हाइकाला माल द्यायचा सोडून हिला नसत्या चौकशा," असे म्हणत त्यांनी एक प्रसंग सांगितला. नेहमीचे एक शेतकरी काका येऊन औषध घेऊन गेले. ते गेल्यावर ही वडिलांना म्हणाली, "काका दरवेळी मुलाचं कौतुक सांगतात, आज त्यांनी त्याचं नाव एकदाही घेतलं नाही. काहीतरी झालंय." वडिलांनी तिला गप्प केले. आठवड्याने कळले की बापलेकांत जोराचे भांडण होऊन मुलगा घर सोडून पुण्याला गेला होता. वडिलांच्या मते हे वेळेचा अपव्यय होते. मी त्यांना विचारले, "साहेब, तुम्ही त्यांना कितीतरी वर्षं ओळखता. तुमच्या लक्षात आलं होतं का?" ते काही क्षण गप्प बसले आणि मग म्हणाले, "नाही. मी बिलच बघत होतो." जे बोलले गेले नाही ते ऐकू येणे ही समुपदेशकाच्या, समाजकार्यकर्त्याच्या, चांगल्या परिचारिकेच्या आणि चांगल्या शिक्षकाच्याही कामातली अत्यंत मोलाची क्षमता आहे, आणि ही मुलगी ती दुकानाच्या गल्ल्यावर बसून वापरत होती.

मग गोष्टींमुळे ही क्षमता येते का, असे वडिलांनी सरळ विचारले. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर मी सावधपणेच दिले. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असू शकते, हे मुलाला साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी उमगू लागते. हे तपासण्यासाठी हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये जो प्रयोग मांडला, तो स्वतःच एक इवलीशी गोष्ट आहे. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधेल? तीन वर्षांचे मूल बहुधा नव्या कपाटाकडे बोट दाखवते, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्याला स्वतःला माहीत असते. थोडे मोठे मूल मॅक्सीच्या जागी जाऊन पाहू शकते. आजी जेव्हा 'मग कोल्ह्याला कुठं ठाऊक होतं?' असे विचारते, तेव्हा ती नातवंडाकडून हाच सराव करून घेत असते.

मोठ्या वयाच्या वाचकांबद्दलचे संशोधन मात्र इतके सरळ नाही. टोरांटोच्या रेमंड मार, कीथ ओटली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये असे दाखवले की आयुष्यात अधिक कथा-कादंबऱ्या वाचलेल्या व्यक्ती नुसते डोळ्यांचे छायाचित्र पाहून त्यातली भावना ओळखण्यासारख्या चाचण्यांत सरस ठरतात. त्यांच्याच 2009 च्या अभ्यासात कथावाचक एकलकोंडे असतात या समजुतीला आधार मिळाला नाही. उलट त्यांना माणसांचा आधार अधिक असल्याचे दिसले. पुढे 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला की साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यावरही दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता तात्पुरती वाढते. त्याचा फार गाजावाजा झाला, पण इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. 2018 मध्ये अशा 14 अभ्यासांचा एकत्रित विचार झाला आणि परिणाम आहे, पण लहान आहे, असा निष्कर्ष निघाला. शिवाय, गोष्टी वाचून माणूस समजूतदार होतो की मुळात माणसांबद्दल कुतूहल असलेलेच गोष्टींकडे वळतात, हे अशा आकडेवारीतून पुरते वेगळे करता येत नाही. म्हणून 'गोष्टी वाचायला द्या, मूल संवेदनशील होईल' असे छातीठोक आश्वासन मी कोणत्याही पालकाला देत नाही. वडिलांना मी एवढेच म्हटले की तुमच्या मुलीत कुतूहल आहे, ते गोष्टींवर पोसले गेले आहे, आणि त्याला शिस्त लावता येते.

ती शिस्त लावणे हा या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग होता. अभिक्षमता चाचणीत तिचे भाषिक तर्क आणि शब्दसंपदा उत्तम आली होती, संख्यात्मक तर्क मध्यम आला होता, आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या वर्गीकरणावर आधारलेल्या आवडींच्या चाचणीत 'सामाजिक' आणि 'कलात्मक' हे दोन गट वर होते. चाचण्या दिशा दाखवतात, पण चालून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. म्हणून मी तिला एक काम दिले. दर रविवारी एका व्यक्तीजवळ बसायचे, त्या व्यक्तीला तिच्या आयुष्यातला एखादा काळ सांगायला लावायचा, मधे सल्ला द्यायचा नाही, नंतर ऐकलेले लिहून काढायचे आणि त्या व्यक्तीला वाचून दाखवून 'बरोबर आहे का?' असे विचारायचे.

पहिली पाळी आजीची आली. आजीचे लग्न फार लहान वयात झाले होते. मुलीने ते पान माझ्याकडे आणले तेव्हा त्यात कोवळी नवरी होती, डोळ्यांतले पाणी होते, मागे वळून पाहिलेले माहेर होते आणि अंधारी सासरची खोली होती. लिखाण सुरेख होते. मी विचारले, "आजीला वाचून दाखवलंस? काय म्हणाल्या?" तिचा चेहरा ओशाळला. आजी शांतपणे ऐकून म्हणाली होती, "छान लिवलंयस गं, पण मी काय एवढी रडले नव्हते. माहेरी पाण्याला लांब जावं लागायचं. हितं दारात विहीर बघून मला लई बरं वाटलं होतं." मुलीने विहीर ऐकली होती, आजीने ती बोलताना दोनदा सांगितली होती. पण मनात आधीपासून तयार असलेल्या करुण कथेत विहिरीला जागा नव्हती, म्हणून लिहिताना ती गळून पडली होती.

गोष्टींवर वाढलेल्या माणसाचा हा स्वाभाविक दोष असतो, आणि माणसांच्या व्यवसायात तो घातक ठरू शकतो. शेकडो कथानके डोक्यात असल्यामुळे समोरच्याने पहिली चार वाक्ये बोलताच उरलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे असे वाटू लागते. नवऱ्याने टाकलेली बाई, वाया गेलेला मुलगा, एकाकी म्हातारा असे साचे तयारच असतात, आणि समोरचे माणूस त्यात नीट बसले की आपण सहानुभूतीने भरून येतो. ती सहानुभूती मात्र साच्याबद्दल असते. माणूस तिच्याबाहेरच राहतो. प्रशिक्षित ऐकणारा स्वतःची गोष्ट थांबवून ठेवायला शिकतो. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन यांनी विकसित केलेल्या कथनोपचार पद्धतीचा भरही यावरच आहे. माणूस स्वतःची एकच, बहुधा पराभवाची, गोष्ट धरून बसलेला असतो, आणि त्या गोष्टीत न मावलेले प्रसंग त्याच्याच तोंडून बाहेर येतील अशा रीतीने प्रश्न विचारणे हे उपचारकाचे काम मानले जाते. आजीच्या विहिरीने तिला हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी शिकवले, आणि पुढच्या रविवारांची तिची पाने हळूहळू कोरडी, अचूक आणि त्यामुळेच अधिक जिवंत होत गेली. शेजारच्या कंपाउंडरकाकांचे पान तर मी अजून जपून ठेवले आहे. त्यात एकही विशेषण नाही.

गोष्ट आणि उपचार यांचे नाते काही नवे नाही. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1895 मध्येच असे नोंदवले होते की आपले रुग्णवृत्तान्त लघुकथांसारखे वाचले जातात याचे आपल्यालाही नवल वाटते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिटा शेरॉन या डॉक्टरांनी, ज्यांनी इंग्रजी साहित्यातही डॉक्टरेट मिळवली आहे, वैद्यकातील कथन हा स्वतंत्र अभ्यासविषय उभा केला आणि डॉक्टरांना रुग्णाची हकिगत बारकाईने ऐकायला शिकवण्यासाठी साहित्याचा उपयोग केला. वडिलांना मी जवळची नावे सांगितली. मोहन आगाशे हे नट म्हणून त्यांना ठाऊक होते. ते मनोविकारतज्ज्ञ आहेत हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले. ठाण्यात 1990 पासून मानसिक आरोग्याचे काम उभे करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी नाटके लिहिली आहेत, हेही मी सांगितले. नाट्यकला किंवा कथा यांमुळे ते डॉक्टर झाले असे माझे म्हणणे नव्हते. एका माणसात या दोन ओढी एकमेकींना धरून राहू शकतात, एवढेच मला दाखवायचे होते.

तरीही बापाला व्यवहार विचारावाच लागतो, आणि तो त्यांनी विचारला. विज्ञान शाखा घेतल्यावर आता परतीची वाट आहे का, शिक्षण कुठे, नोकरी कोणती, पैसा किती. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला कला शाखेच्या पदवीला प्रवेश मिळतो, त्यामुळे अकरावी-बारावीची दोन वर्षे वाया जाणार या भीतीला आधार नव्हता. मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन पदवी आणि त्यानंतर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हा एक मार्ग होता. मुंबईतली टाटा सामाजिक विज्ञान संस्था 1936 पासून हे शिक्षण देते आणि तिचे ग्रामीण संकुल तुळजापूरला आहे. मुंबईत 1955 पासून निर्मला निकेतन आणि पुण्यात 1963 पासून कर्वे समाज सेवा संस्था आहे. चिकित्सा मानसशास्त्राकडे जायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते, आणि तिथल्या जागा थोड्या, स्पर्धा मोठी असते. पैशाबद्दल मी काहीच झाकले नाही. सुरुवातीचे वेतन संगणक अभियंता झालेल्या चुलतभावापेक्षा कमी असेल, अनेक पदे कंत्राटी असतात, आणि स्थैर्य यायला वेळ लागतो. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवा, शाळांतील समुपदेशन, कंपन्यांतील मनुष्यबळ विभाग, बालसंरक्षणाची यंत्रणा, स्वयंसेवी संस्था, शिक्षकी पेशा, असे पर्याय मी मांडले, पण कोणताही पर्याय गुळगुळीत करून सांगितला नाही.

मुलीशीही मी असेच बोलले, कारण तिच्या मनात या कामाचे एक रम्य चित्र होते. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती असतात, आठवड्यातले काही दिवस क्षेत्रकार्यासाठी बाहेर जावे लागते, प्रत्येक भेटीचा अहवाल लिहावा लागतो, आणि लोकांच्या हकिगतींना बहुतेक वेळा शेवट नसतो. ज्याला गोष्टीचा शेवट कळल्याशिवाय झोप येत नाही, त्याला हे काम फार छळते. असे कुतूहल असलेली सगळीच मुले इकडे आणू नयेत. माझ्याकडे आलेल्या आणि शब्दांवर लुब्ध असलेल्या एका मुलाला मी भाषांतराकडे वळायला सुचवले होते, आणि तो तिथे सुखी आहे. या मुलीने मात्र सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "शेवट कळत नाही, तर मग आपलं काम झालं हे कसं कळतं?" इतक्या लहान वयात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी तिला सांगितले की समोरचे माणूस पुढचे पाऊल स्वतः टाकू लागले की आपले काम तेवढ्यापुरते झाले असे मानायचे असते, आणि मनाला चुटपुट लागणे हे कामाचाच भाग म्हणून सोसायचे असते.

तिने प्रवेश परीक्षांचा नाद सोडून बोर्डाची बारावी दिली, बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि मानसशास्त्र घेऊन बी.ए. केले. वडील पहिले वर्षभर नाराज होते. आईने मात्र त्याच वर्षी माझ्याजवळ पहिल्यांदा मोकळेपणाने तोंड उघडले. अंगणवाडीतल्या बायका आपल्या लेकीजवळ मन मोकळे करतात आणि आपल्यालाच ते जमत नाही, असे त्या म्हणाल्या. पुढच्या दोन भेटी आम्ही त्यांच्यासाठीच ठेवल्या.

आता ती समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचे क्षेत्रकार्य एका सरकारी रुग्णालयात चालू आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. क्षयाचे उपचार साधारण सहा महिने चालतात, आणि बरे वाटू लागले की अनेक रुग्ण ते मधेच सोडतात. तिच्याकडे सोपवलेल्या एका रुग्णाच्या कागदावर 'सूचना देऊनही औषध घेत नाही' असा शेरा होता. त्याला आधी इतरांनी दोनदा आजाराचे धोके समजावून सांगितले होते. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा दिवस कसा जातो एवढेच तिने विचारले. बोलता बोलता त्याने सांगितले की घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, पाहुणे केव्हाही येतात, आणि गोळ्यांची पाकिटे कोणाच्या नजरेस पडली तर सोयरीक मोडेल. धोके त्याला चांगले ठाऊक होते. मग गोळ्या घरी न ठेवता कुठे ठेवायच्या, हे त्यानेच सुचवले; कामावरच्या एका विश्वासू मित्राकडे त्या राहू लागल्या आणि औषध पुन्हा सुरू झाले. फोनवर ती म्हणाली, "मॅडम, मला आधी वाटलं होतं की दारू असेल. मी तसं मनात लिहूनसुद्धा टाकलं होतं. मग विहीर आठवली."

येत्या उन्हाळ्यात तिचा अभ्यासक्रम संपेल. रुग्णालयातच वैद्यकीय समाजसेवेच्या पदासाठी प्रयत्न करायचा की आणखी शिकून चिकित्सा मानसशास्त्राकडे वळायचे, याविषयी तिचे अजून ठरलेले नाही. दोन्हींच्या अटी, खर्च आणि लागणारी वर्षे तिने कागदावर मांडली आहेत, आणि या वेळी चर्चेला आपणही येणार असे वडिलांनी स्वतःहून कळवले आहे.